समुद्रापारची चाकरी आणि तिचे दस्तऐवज

खेड-चिपळूणच्या, म्हसळे-श्रीवर्धनच्या किंवा गोव्यातल्या सासष्टीच्या एखाद्या घरातला तरुण आखातात चाकरीला निघाला, म्हणजे तिकिटाच्याही आधी कागदांची एक पिशवी घरात येते, आणि ती बहुधा त्या घरापेक्षा थोडे अधिक शिकलेल्या कोणासमोर तरी ठेवली जाते: निवृत्त मुख्याध्यापकांसमोर, बँकेतल्या आतेभावासमोर, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीसमोर. ‘जरा बघा, सगळं बरोबर आहे ना,’ एवढाच प्रश्न असतो, आणि उत्तरही बहुधा तितकेच त्रोटक मिळते, कारण नेमके काय पाहायचे हे विचारल्या गेलेल्या माणसालाही ठाऊक नसते. प्रस्तुत लेख त्या विचारल्या जाणाऱ्या माणसासाठी आहे. परमुलखात मजुराची बाजू कोण घेईल, किती घेईल आणि मुळात घेऊ शकेल की नाही, याचा निकाल पुष्कळ अंशी त्या पिशवीतल्या कागदांनीच अगोदर लावून ठेवलेला असतो. तेव्हा ते कागद वाचण्याची कला थोडीफार आत्मसात करणे हे शिकलेल्या नातेवाइकाचे कर्तव्य मानावयास हरकत नाही.

या विषयाशी आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. १८३४ पासून मॉरिशसला आणि पुढे नाताळ, फिजी, त्रिनिदाद येथे करारबद्ध मजूर जाऊ लागले, आणि रत्नागिरीकडून मॉरिशसला गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्या पद्धतीविरुद्ध केंद्रीय कायदेमंडळात ठराव आणला तो गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी. नाताळसाठी मजूरभरती थांबवण्याचा त्यांचा १९१० चा ठराव सरकारने मान्य केला. ही पद्धतच समूळ बंद करावी असा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला, आणि भरती थांबण्यास १९१७ साल उजाडले. त्या काळी प्रत्येक बंदरात मजुरांचा ‘संरक्षक’ नावाचा अधिकारी असे व त्याने संरक्षण नेमके कोणाचे केले याविषयी इतिहासकारांचे मत फारसे अनुकूल नाही. परंतु ते पद १९२२ च्या व नंतर १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमात टिकून राहिले, आणि मुंबईतले त्याचे दप्तर आज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. परदेशी नोकरीस निघालेल्या माणसाच्या घरच्यांनी पासपोर्ट कार्यालयाइतकाच या कार्यालयाचाही पत्ता जाणून घ्यावा.

पिशवीतून प्रथम पासपोर्ट काढून पाहावा. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘ईसीआर’ (उत्प्रवासन-तपासणी आवश्यक) असा शेरा असतो, व अशा माणसाला अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी या संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन हे सहाही आखाती देश या यादीत आहेत, आणि त्यांच्याखेरीज मलेशिया, इराक, जॉर्डन, लिबिया, येमेन, थायलंड इत्यादी. मंजुरीचा सगळा व्यवहार आता ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणकीय व्यवस्थेतून चालतो. पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे आणखी एक सरकारी अडवणूक वाटते, आणि एजंटही तसेच सांगतो. ‘व्हिझिटवर पाठवतो, तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा करू’ हा त्याचा आवडता तोडगा असतो. या तोडग्याचा अर्थ वाचकाने नीट समजून घ्यावा. भेटीच्या व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे. अशा माणसाचा करार नोंदलेला नसतो, विमा उतरलेला नसतो, मालकाचे नाव आपल्या सरकारच्या कोणत्याही दप्तरात नसते, आणि पगार बुडाला तर फिर्याद घेऊन जाणारा स्वतःच प्रथम आरोपी ठरतो. ‘आझाद व्हिसा’ या गोंडस नावाने जे विकले जाते, ज्यात एकाच्या नावाने व्हिसा घेऊन दुसरीकडे मिळेल ते काम करायचे असते, त्याचीही गत हीच.

जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरी ‘इस्लामिक स्टेट’च्या टोळीने ज्या ३९ भारतीय मजुरांचे अपहरण केले, त्यांच्या मृत्यूची खात्री संसदेत सांगता आली ती मार्च २०१८ मध्ये, आणि त्यांतले बहुतेक बेकायदा एजंटांमार्फत गेलेले असल्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही दूतावासात नव्हती, असे त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आले. नोंद असती तर ते वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. पण आपला माणूस कोणत्या कंपनीत, कोणत्या गावी आहे हे विचारण्यासाठी चार वर्षे दारोदार फिरण्याची पाळी ज्या कुटुंबांवर आली, त्यांच्या दुःखाचा काही भाग तरी त्या न केलेल्या नोंदीचा होता.

आता एजंट. परदेशी भरती करण्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालय देते, परवान्याचा क्रमांक जाहिरातीत छापणे बंधनकारक आहे, आणि परवाना चालू आहे की रद्द वा निलंबित, हे ई-मायग्रेटवर कोणालाही पाच मिनिटांत पाहता येते. ते पाहिल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नये. खरी गोम अशी की गावापर्यंत येणारा माणूस हा परवानाधारक नसतोच. तो असतो त्याचा सब-एजंट, आणि कोकणात तर हा सब-एजंट पुष्कळदा शेजारच्या वाडीचा, कधी लांबच्या नात्यातला, सुट्टीवर आलेला, अंगावर अत्तर आणि हातात दोन व्हिसे घेऊन फिरणारा असतो. त्याला पावती मागणे म्हणजे त्याचा अपमान, अशी आपल्याकडची समजूत. आणि फसवणुकीची निम्मी इमारत या भिडेवर उभी राहते. भीड बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: परवाना कोणाच्या नावे आहे, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, आणि पावती कोण देणार. परवानाधारकाला मजुराकडून सेवाशुल्क म्हणून घेता येते ती कमाल रक्कम ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर. याउपर जे मागितले जाते, ते व्हिसाची किंमत म्हणून मागितलेले असो की ‘वरचा खर्च’ म्हणून, त्याला कायद्याचा आधार नाही. शिवाय सौदी श्रमकायद्याच्या ४० व्या कलमानुसार भरतीचा, इकाम्याचा म्हणजे वास्तव्याच्या परवान्याचा व कामाच्या परवान्याचा खर्च मालकानेच सोसायचा असतो, ही गोष्ट शेत गहाण ठेवायला निघालेल्या बापाच्या कानावर घालण्यासारखी आहे. जाता जाता हेही नमूद करतो की, परवान्याविना भरती करणाऱ्यास १९८३ च्या अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कैद व दंड दोन हजार रुपयांपर्यंत असा मजकूर आहे. लाखांनी घेणाऱ्या माणसाला हजारांचा धाक घालणारा हा कायदा कोणत्या जमान्यासाठी लिहिला होता हे आता कोडेच वाटते. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. फसवणूक झाल्यास संरक्षकाकडे तक्रार करावीच, पण पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणुकीचा गुन्हाही नोंदवण्याचा आग्रह धरावा. आणि त्यासाठी रोख दिलेले पैसे कामास येत नाहीत, बँकेतून गेलेले येतात.

पिशवीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे करारनामा, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही तोच. पदाचे नाव पाहावे: मुंबईच्या ट्रेड टेस्टमध्ये जो वेल्डर म्हणून पास झाला त्याच्या व्हिसावर ‘मजूर’ किंवा ‘गुरे राखणारा’ असे लिहिलेले असेल, तर तेथे तो कायद्याने तेच काम करण्यास बांधला जातो, मग एजंट तोंडाने काहीही सांगो. मूळ पगार किती आणि भत्ते किती हे वेगळे लिहिलेले आहे का ते पाहावे, कारण ओव्हरटाइमचा हिशेब आणि सेवासमाप्तीचे उपदान यांत या मूळ रकमेला फार महत्त्व असते, व म्हणूनच ती मुद्दाम लहान ठेवून बाकीचे भत्त्यात दाखवण्याची चलाखी काही कंपन्या करतात. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, राहण्याची व जेवणाची सोय की त्याचे पैसे, मुदत किती, दोन वर्षांनी येण्याजाण्याचे तिकीट कोणाचे, आणि नोकरी मध्येच सुटली तर परतीचे भाडे कोण देणार, ही कलमे बोटाने एकेक शोधावीत. ज्या ठिकाणी कलम मोघम असेल त्या ठिकाणी ते मालकाच्या बाजूने वाचले जाईल असे धरून चालावे. करार दोन भाषांत असल्यास तंट्याच्या वेळी अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. तेव्हा अरबी जाणणाऱ्या कोणाकडून, आणि कोकणात असा माणूस मिळणे मुळीच कठीण नाही, दोन्ही मजकूर ताडून घ्यावेत. यानंतरची जुनी युक्ती म्हणजे मुंबईत एक करार आणि तिकडे उतरल्यावर दुसरा, कमी पगाराचा. तिला उत्तर एकच: ई-मायग्रेटवर चढवलेल्या कराराची प्रत घरी, प्रत मोबाईलमध्ये, आणि न समजणाऱ्या कागदावर सही नाही. मालकाने जबरदस्तीने सही घेतलीच तर त्याच दिवशी तारखेनिशी दूतावासाला लिहून कळवावे. महिन्यांनी केलेल्या तक्रारीपेक्षा त्या दिवशीच्या चार ओळींचे वजन अधिक असते.

मंजुरीबरोबर येणारा दुसरा कागद म्हणजे प्रवासी भारतीय विमा योजनेचा. २००३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, कर वेगळा, आणि अपघाती मृत्यू किंवा नोकरी गमावण्याइतके कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई दहा लाख रुपये; शिवाय नोकरीसंबंधी कज्जा उद्भवल्यास ४५,००० रुपयांपर्यंत कायदेशीर खर्च. एवढ्या स्वस्तात इतके देणारी दुसरी सरकारी योजना मला ठाऊक नाही, आणि तरीही कित्येक घरांत पॉलिसीचा कागद कोठे आहे हे सांगता येत नाही, म्हणून दावाच दाखल होत नाही. पॉलिसी क्रमांक घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवला तरी पुष्कळ झाले. वारसाचे नाव लग्नापूर्वी आईचे घातले असेल, तर लग्नानंतर ते तपासावे. या साध्या गोष्टीवरून सासू-सुनांना कचेऱ्या चढाव्या लागतात.

तेथे पोचल्यानंतरची परिस्थिती समजण्यासाठी ‘कफील’ ही संस्था समजली पाहिजे. मजुराचे त्या देशातले वास्तव्यच ज्या मालकाच्या जामिनकीवर अवलंबून असते तो कफील, आणि एके काळी त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलणे तर सोडाच, देश सोडणेही अशक्य होते. गेल्या काही वर्षांत यात खरोखर बदल झाले आहेत. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली व मार्च २०२१ पासून घरकामगारांसह सर्वांना दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केले, निवास-भोजन नसल्यास त्याचे ५०० व ३०० रियाल वेगळे. ओमानने ना-हरकतीची अट जानेवारी २०२१ पासून रद्द केली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून एका वर्षाच्या नोकरीनंतर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा दिली, परंतु घरकामगार, खाजगी ड्रायव्हर व शेतावरचे नोकर यांना त्या सुधारणेबाहेर ठेवले. कायदा पुस्तकात असणे आणि वाळवंटातल्या कॅम्पात असणे यांत अंतर राहतेच. पण आपल्याला काय मिळावयास हवे हे ज्याला माहीत आहे तो निदान चुकीचे ते मागत बसत नाही. परदेशी कामगारांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये संमत केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा उल्लेख भाषणांतून पुष्कळ होतो, परंतु तो ना आखाती देशांनी स्वीकारला ना आपण, तेव्हा रोजच्या अडचणीत त्याचा उपयोग शून्य. आधार तेथल्या श्रमकायद्याचा आणि आपल्या कराराचा.

पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो व तो मालकाने ठेवून घेणे सौदी, कतार, अमिरात येथे बेकायदा आहे; तरी तो घेतला जातो, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भांडण्याचे बळ नसते हेही खरे. अशा वेळी पासपोर्टाच्या व व्हिसाच्या पानांचे छायाचित्र घरी पाठवून ठेवलेले असावे, म्हणजे प्रसंग आल्यास दूतावासातून परतीचा तात्पुरता दाखला, ज्याला लोक ‘आउटपास’ म्हणतात, मिळवणे सुकर होते. पगार बँकेतूनच यावा असा आग्रह धरावा. अमिरातीने २००९ पासून व इतरांनी त्यानंतर वेतन बँकेमार्फत देण्याची सक्ती केली आहे, आणि पगार थकल्याचा सर्वांत निर्विवाद पुरावा बँकेच्या पुस्तकातली ती रिकामी ओळ असते. २०१६ मध्ये ‘सौदी ओजर’ या बांधकाम कंपनीचा कारभार कोसळला, हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने बिनपगारी, कॅम्पात अन्नावाचून अडकले, आणि शेवटी आपल्या परराष्ट्र खात्याला शिधा पोचवावा लागला. एवढी मोठी कंपनी बुडूच शकत नाही, या भरवशावर माणसे गप्प बसली होती. दोन महिने पगार नाही म्हणजे तिसऱ्याची वाट पाहायची नाही, हा हिशेब प्रत्येकाने मनाशी पक्का करून जावे.

येथे एक धोक्याची सूचना, जिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने सर्वाधिक नुकसान होते. छळाला कंटाळून माणूस काम सोडून निघून जातो, मित्राच्या खोलीवर राहतो, मिळेल ते फुटकळ काम शोधतो, आणि इकडे मालक तो फरारी झाल्याची वर्दी देतो. सौदीत याला ‘हुरूब’ म्हणतात. हुरूब लागला की इकामा निरर्थक होतो, थकलेल्या पगाराची मागणी लंगडी पडते, पकडल्यास हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी. म्हणून क्रम उलटा असावा: प्रथम श्रमखात्याकडे तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक घ्यावा, दूतावासाला कळवावे, आणि त्यानंतरच, तेही त्यांच्या सल्ल्याने, जागा सोडावी. जिवाला वा अब्रूला धोका असेल तेव्हा अर्थातच हा क्रम पाळत बसू नये, सरळ दूतावास गाठावा. २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आता प्रत्येक वकिलातीत आहे. अडलेल्या माणसाचा तात्पुरता निवारा, वकिलाचा सल्ला, परतीचे तिकीट, प्रेत मायदेशी आणण्याचा खर्च यासाठीच तो असतो, तेव्हा तो मागताना याचकाचा आव आणण्याचे कारण नाही. घरच्या मंडळींना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि तिच्या क्रमांकावरून पुढे काय झाले ते विचारता येते. आमदार-खासदारांकडे चिठ्ठीसाठी जाण्यापूर्वी ही नोंद केलेली असावी; चिठ्ठीला तो क्रमांक जोडला म्हणजे तिला पाय फुटतात.

उन्हाळ्याच्या भरात दुपारी उघड्यावर काम घेण्यास आखाती देशांत मनाई आहे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. निवासाविषयी मजूर सहसा तक्रार करीत नाही, कारण तो झोपण्यापुरताच तेथे असतो. परंतु १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगफ येथे मजुरांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि जे ४५ भारतीय तीत गेले, तेही झोपलेलेच होते. जिन्यात सिलिंडर, गच्चीला कुलूप, खोलीत लाकडी-पुठ्ठ्याचे आडोसे असे दिसले तर त्याचे छायाचित्र काढून दूतावासाला पाठवणे ही कटकट समजू नये.

स्त्रियांविषयी थोडे स्वतंत्रपणे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालील स्त्रीला यादीतल्या त्या अठरा देशांत नोकरीसाठी मंजुरी मिळत नाही, आणि तिशीवरच्या स्त्रीलाही ठराविक सरकारी संस्थांमार्फतच जावे लागते. हेतू संरक्षणाचा असला तरी परिणाम पुष्कळदा विपरीत होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गरज वयाची वाट पाहत नाही, आणि सरळ दार बंद झाले की तीच स्त्री भेटीच्या व्हिसावर, कोणत्याही नोंदीविना, परक्या घराच्या चार भिंतींत जाऊन पडते. घरकाम करणाऱ्यांना आखातातले सामान्य श्रमकायदे लागू नसतात, वेगळे कायदे असतात. कुवेतच्या २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची भरपगारी सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची रजा आणि सेवासमाप्तीस प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा पगार ठरवून दिला आहे. अमिरातीने २०२२ मध्ये असाच स्वतंत्र कायदा केला. जाणाऱ्या स्त्रीजवळ एक वेगळा साधा फोन आणि घरी ठरवलेला एक सांकेतिक शब्द असावा, जो बोलला की घरच्यांनी काही न विचारता दूतावासाकडे धाव घ्यायची.

शिकलेल्या मुलांच्या पालकांनी आपल्याला यातले काही लागू नाही असे समजू नये. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी, पगार डॉलरांत, अशा निरोपावर गेलेल्या पदवीधरांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेऊन सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडल्याचे प्रकार २०२२ पासून उघडकीस आले आहेत. त्यांच्या पासपोर्टावर ईसीआरचा शेरा नव्हता, म्हणून कोणी काही विचारलेही नाही. मंजुरीची सक्ती नसली तरी ई-मायग्रेटवर आपली नोंद स्वखुशीने करता येते, आणि ती करावी.

नोकरी संपवून परतताना ‘माझे सर्व येणे मिळाले’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागतात. पैसे खात्यात पडण्यापूर्वी ती करू नये. सेवासमाप्तीचे उपदान हा कायद्याने दिलेला हक्क आहे: सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा व पुढे एका महिन्याचा पगार, अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार व पुढे तीस दिवसांचा. मागणी करण्यास मुदत असते, सौदीत नोकरी सुटल्यापासून बारा महिने. ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणणाऱ्याचे येणे तेवढ्यात बुडते.

आणि दुर्दैवाने मृत्यूची वार्ता आली, तर शोकातही काही गोष्टी त्या त्या दिवशीच व्हाव्या लागतात. देह मायदेशी आणायचा की तेथेच अंत्यविधी करायचा, याचे संमतिपत्र जवळच्या वारसाकडून मागवले जाते. कंपनीचा माणूस त्याबरोबर मुखत्यारपत्रावरही सही घेऊ पाहतो, कारण त्या अधिकारात तो थकलेला पगार, उपदान आणि भरपाई यांचा सौदा स्वतःच करून टाकू शकतो; हे मुखत्यारपत्र त्याला न देता दूतावासाच्या नावे करावे, व तहसीलदार किंवा न्यायालयाकडून वारसाचा दाखला त्याच आठवड्यात मागावा. मृत्यूच्या दाखल्याबरोबर वैद्यकीय अहवालाची आणि पोलिस अहवालाची प्रतही मागून घ्यावी, कारण दहा लाखांचा विमा अपघाती मृत्यूलाच मिळतो, आणि मचाणावरून पडलेल्या माणसाच्या कागदावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिलेले असेल तर ती नोंद दुरुस्त करून घेण्याची मागणी दूतावासामार्फत तेथेच, देह विमानात चढण्यापूर्वी करावी लागते.